वरचं कुर्रम, खालचं कुर्रम

मी स्वभावाने संशयी आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. भूल देण्याच्या कामात हा स्वभाव उपयोगी पडतो. नळीवर ऑक्सिजन लिहिलंय म्हणून आत ऑक्सिजनच असेल असं मानणारी भूलतज्ज्ञ फार दिवस टिकत नाही. माझा नवरा लहान मुलांचा डॉक्टर. रडणाऱ्या पोरांपासून जुन्या गाड्या विकणाऱ्या सेल्समनपर्यंत त्याचा सगळ्यांवर विश्वास. मेडिकल कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, तेव्हापासून संशयाचं खातं माझ्याकडे आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही कॉव्हेंट्रीजवळच्या एका लहान हॉस्पिटलात होतो. आवारातच डॉक्टरांसाठी विटांचे फ्लॅट होते. भिंती इतक्या पातळ की वरच्याने केटल लावली तरी खाली कळायचं. एका शरद ऋतूत आमच्या वर एक पठाण कुटुंब राहायला आलं. नवरा सर्जरीत रजिस्ट्रार, बायको, दोन लहान मुली. पाकिस्तानी म्हटल्यावर मी जरा अंतर ठेवूनच होते. एकाहत्तरच्या युद्धात खिडक्यांना काळे कागद चिकटवून मी ॲनाटॉमी पाठ केली होती, ते इतक्यात विसरणं शक्य नव्हतं. पण ती बाई एक दिवस वाडगाभर अक्रोड घेऊन खाली आली. "बाजी, आमच्या घरच्या झाडाचे," म्हणाली, बाजी म्हणजे ताई, आणि परवानगीची वाट न बघता माझ्या किचनमध्ये खुर्ची ओढून बसली. तिचं उर्दू आणि माझं हिंदी, दोन्ही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. अक्रोड मात्र मी तिच्यासमोर फोडून, तिने खाल्ल्यावर खाल्ले.

तिचा नवरा उंच, गोरा, कमी बोलणारा. माझ्या नवऱ्याने पहिल्याच भेटीत त्याला सांगून टाकलं की आमचे पूर्वज अटकेपार झेंडे लावून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "अटकेपर्यंत ना? आमचं गाव त्याच्याही बरंच पुढे आहे. तिथे कोणीच आलं नाही." मग त्याने गाव कुठे ते सांगितलं. नकाशा मागितला नाही. बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात टेबलावर आडवा ठेवला. सर्जनची सवय.

"हे कोपर म्हणजे पाराचिनार. वरचं कुर्रम. इथे आम्ही, शिया. कोपराच्या तिन्ही बाजूंना अफगाणिस्तान. हे मनगट म्हणजे थल, आणि ही बोटं म्हणजे कोहाट, पेशावर, बाकीचं जग. मधून कुर्रम नदी वाहते आणि नदीच्या कडेने एकच रस्ता." मग दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्याने मधोमध दाबलं. "हे खालचं कुर्रम. इथे सुन्नी गावं. आमचा आजारी माणूस, आमची सफरचंदं, कॉलेजात जाणारी पोरं, सगळं यांच्या दारावरून जातं. यांनी इथे आवळलं की वरचा हात मेला." त्याची बोटं खरोखरच पांढरी पडत चालली होती. बायको म्हणाली, "पुरे आता."

त्या रात्री माझ्या नवऱ्याला आठवलं की त्याचे वडील ऋग्वेदातल्या नद्यांची नावं म्हणायचे आणि त्यात क्रुमु यायची. "कुर्रम म्हणजेच क्रुमु. म्हणजे हे आपलेच गाववाले की," तो म्हणाला. मी म्हटलं, "झोप आता. उद्या त्यांच्याकडे सातबारा मागशील."

पुढे हळूहळू आणखी कळत गेलं. पूर्वी भांडणं पाण्याची, कुरणांची, जंगलातल्या लाकडांची असायची. जिर्गा बसायचा, वडीलधारी मंडळी तोडगा काढायची. आता पलीकडे रशियन फौजा होत्या, लाखो निर्वासित डोंगर उतरून आले होते आणि त्यांच्याबरोबर बंदुकाही आल्या होत्या. आता भांडण सुन्नींच्या मशिदीचं आणि शियांच्या इमामवाड्याचं झालं होतं. पुण्यात आमच्या आळीतली पोरं ताबुतांपुढे ढोल वाजवायची, त्यामुळे मोहरम म्हणजे मला गल्लीतला एक सण वाटे. मी तसं म्हणाले तर ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्याकडे मोहरम आला की बायका आधी पीठ भरून ठेवतात," ती म्हणाली. "रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही." आणि इंग्रजांना त्या खोऱ्यात तिच्या नवऱ्याच्या वाडवडिलांनीच बोलावलं होतं म्हणे. एकीकडे काबूलचा अमीर, बाकी बाजूंना सुन्नी टोळ्या, म्हणून यांनी इंग्रजांना सांगितलं, या, तुम्हीच राज्य करा. मला हे अजब वाटलं. माझा नवरा म्हणाला, "त्यात काय, आपल्याकडे जो अटकेपार गेला त्यानेच पुढे इंग्रज घरात घेतला की."

दुसऱ्या वर्षी आमच्या भूल विभागात एक नवा डॉक्टर आला. तरुण, एकटा, व्यवस्थित भांग पाडलेला, बोलायला अतिशय अदबशीर. मला पहिल्या दिवसापासून "भाभी" म्हणायला लागला. कुठला, तर कुर्रमचा! मला काय आनंद झाला. परदेशात आपल्या माणसांचं एक वेड असतं. सोलापूरच्या माणसाला कोणी बार्शीचा भेटला की आपण दोघांना एका ताटात जेवायला बसवल्याशिवाय राहत नाही. संशयी म्हणवणारी मी, पण या एका बाबतीत तद्दन मराठी. मी दोघांनाही एकमेकांचा पत्ता न लागू देता रविवारी जेवायला बोलावलं. सरप्राइज द्यायचं होतं. कॉव्हेंट्रीहून हलाल कोंबडी आणली, मसालेभात केला.

दारात ते दोघे समोरासमोर आले. हात मिळवले, छातीवर हात ठेवून एकमेकांची, घरच्यांची, गुराढोरांची खुशाली विचारली. ते इतकं लांबलं की मला वाटलं, जुने मित्र निघाले. मग नव्या डॉक्टरने गाव सांगितलं आणि वरच्या मजल्यावरची बाई माझ्याकडे बघून हळूच मान हलवू लागली. नव्या डॉक्टरचं घर खालच्या कुर्रमचं होतं. बोटांनी दाबून दाखवली होती त्या जागेचं.

जेवण होता होता संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजाची वेळ झाली. मी उत्साहाने बैठकीच्या खोलीत धुतलेली डबल बेडची चादर अंथरली. दोघांना एकच. दोघेही हातपाय धुऊन, वजू करून आले आणि चादरीपाशी थांबले. "आप पहले," एक म्हणाला. "नहीं, आप," दुसरा म्हणाला. शेवटी सर्जन उभा राहिला, शियांच्या रीतीप्रमाणे हात मोकळे सोडून, खिशातून मातीची छोटी गोल टिकली काढून कपाळाच्या जागी ठेवून. त्याचं झाल्यावर तो किचनमध्ये आला, मग दुसरा गेला. त्याने हात पोटावर बांधले होते. दोन माणसांनी एका चादरीवर पाठोपाठ नमाज पढला आणि माझी मसालेभाताची जोड म्हणून केलेली कोशिंबीर तशीच राहिली. नवरा भांडी विसळताना म्हणाला, "सरप्राइज छान झालं हं." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण थिएटरमध्ये रोज गाठ पडायची. सर्जन आणि भूल देणारा यांच्यात मधे फक्त हिरवा पडदा असतो. एक पोट उघडतो, दुसरा श्वास सांभाळतो. आमच्या इंग्रज कन्सल्टंट साहेबांचे आजोबा म्हणे त्याच सरहद्दीवर नोकरीला होते. दोघे एकाच खोऱ्यातले म्हणून त्यांनी कौतुकाने दोघांना ऑपरेशनच्या एकाच लिस्टवर टाकलं होतं. त्यांचं संभाषण मी ऐकलंय. "रिलॅक्सेशन ठीक आहे?" "थोडं आणखी." "थँक यू." कामात दोघेही चोख. पेशंट बाहेर गेला की एक चहाला कॅन्टीनमध्ये, दुसरा मेसमध्ये. इंग्रज नर्सना काहीच कळत नव्हतं. त्यांच्या लेखी ते दोघेच काय, मी धरून आम्ही सगळे एकच होतो.

त्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावर फोन आला. सर्जनची आई आजारी होती. ती पाराचिनारजवळच्या गावात धाकट्या मुलाकडे राहायची. पोटात कळा, डोळे पिवळे, थंडी वाजून ताप. आम्हा चौघांपैकी तिघे डॉक्टर, कोणालाच निदान सांगायची गरज नव्हती. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता आणि त्यात पू होत होता. ऑपरेशन झालं तर बाई उठून बसेल, नाही झालं तर जाईल. आणि रस्ता बंद होता. खाली गोळीबार झाला होता, गाड्या थांबल्या होत्या. पाराचिनारच्या हॉस्पिटलातला सर्जन रजेवर पेशावरला गेला तो परत येऊ शकला नव्हता. पेशावरहून येणारं छोटं विमानही बंद होतं. अफगाणिस्तानातून वळसा घालून न्यायचं तर तिकडे युद्ध, बर्फ आणि खेचराची पाठ. "मी इथे रोज दुसऱ्यांच्या आयांचे खडे काढतो," तो म्हणाला आणि हाताचे पंजे उलटेपालटे करून बघत बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी मशीन तपासत होते तेव्हा खालच्या कुर्रमचा डॉक्टर आत आला आणि दार लावलं.

"भाभी, त्यांच्या आईचं ऐकलं."

मी काही बोलले नव्हते, सर्जन तर त्याच्याशी बोलतच नव्हता. "कोणाकडून ऐकलंस?"

"घरून. वर कोण आजारी आहे ते खाली कळतंच. सर्जनसाहेबांना सांगा, माझा भाऊ त्यांना आणायला जाईल. आम्ही बदरगा देतो."

बदरगा म्हणजे काय ते त्यानेच सांगितलं. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या परक्याला आपली माणसं बरोबर देऊन पार करायचं. त्या माणसाच्या अंगाला कोणी हात लावला तर तो आपल्याच घराला लावला असं धरायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

"मग तूच का नाही सांगत त्यांना?"

"मी सांगितलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. आणि हो म्हणायला मन होणार नाही. मधे तिसरं माणूस असलेलं बरं."

उत्तर बरोबर होतं. जरा जास्तच बरोबर होतं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याला काय पडलंय? याचा यात फायदा काय? मी वर जाऊन निरोप सांगितला तर सर्जनच्या बायकोचा चेहरा उतरला. "बाजी, त्याच्या चुलत्याला मागच्या दंगलीच्या वेळी आमच्या बाजारात मारलं. तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

नव्हतं सांगितलं. बदला हा पठाणांचा धर्म असतो एवढं तर मलाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला सरळच विचारलं. आडपडदा ठेवायला मी काही जिर्ग्यातली नव्हते.

"तुझा चुलता पाराचिनारला मारला गेला?"

"हो."

"आणि तरी तुम्ही त्यांच्या बाईला सोडायला निघालात?"

"म्हणूनच आमचा बदरगा चालेल, भाभी. ज्या घरातलं कोणी गेलेलं नाही त्याच्या शब्दाला आज त्या रस्त्यावर कोण विचारतो? आमच्या गाडीला कोणी काही म्हणणार नाही. म्हणायचा हक्क सगळ्यात जास्त आमचा आहे."

ते खरं होतं असंही वाटलं आणि खाटकाने बकरीचा कासरा हातात मागितल्यासारखंही वाटलं. मी विचारलं, "गाडीत एक आजारी बाई, बाकी सगळे परके पुरुष. तिच्याबरोबर बाईमाणूस कोण?"

"व्यवस्था होईल."

"व्यवस्था होईल म्हणजे काय?"

"भाभी, व्यवस्था होईल," तो म्हणाला आणि सिलिंडरची चावी जागेवर ठेवून निघून गेला. ताकास तूर लागू दिली नाही.

वरच्या मजल्यावर त्या दिवशी भांडण झालं. पश्तूत सुरू झालेलं भांडण आमच्यासाठी उर्दूत आलं. बायको म्हणाली, "रोज त्याच्या हातात पेशंट देता ना?"

"तो पेशंट माझी आई नसतो."

माझा नवरा म्हणाला, "माणूस शब्द देतोय तर घ्यावा." मी म्हटलं, "तुला शब्द घ्यायला काय जातंय? तुझी आई सदाशिव पेठेत आहे." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या माणसाबरोबर काम करणारी मीच होते. मी जे माहीत होतं तेच सांगितलं. तो कामात चोख आहे. तो माझ्यापासून काहीतरी लपवतोय. यापलीकडे मी शपथेवर काही सांगू शकत नाही. शेवटी ठरवलं ते तापाने. फोन आला की अदेला, त्यांच्याकडे आईला अदे म्हणतात, आता हुडहुडी भरतेय आणि ती असंबद्ध बोलतेय. सर्जन उठून खिडकीपाशी गेला. पाठमोराच म्हणाला, "भाभी, त्यांना हो सांगा."

त्याने भावाला फोनवर पश्तूत बजावलेलं मी ऐकलं, बायकोने मला अर्थ सांगितला. तू घर सोडायचं नाहीस. हद्दीवर घ्यायला जायचं नाहीस, सापळा असेल. आपलं कोणीही खाली जायचं नाही. ते दारापर्यंत आले तर अदेला त्यांच्या गाडीत ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. गेली तर एकटी जाईल, घर जाणार नाही. हे सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही. रिसीव्हर ठेवल्यावर तो बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला.

मग सुरू झालं वाट बघणं. फोन लागत नव्हते. लागले तर मधेच तुटत होते. थिएटरची लिस्ट मात्र चालूच होती. हर्निया, अपेंडिक्स, एक पित्ताशयसुद्धा. मी त्या तरुणावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. तो नेहमीसारखाच होता, फक्त जेवत नव्हता. आणि मग मी त्याला कॉरिडॉरच्या टोकाच्या पे-फोनवर पाहिलं. फोनवर नाण्यांची चळत, रिसीव्हर खांदा आणि कानाच्या मधे धरलेला, आवाज अगदी खाली. मला बघताच तो बोलायचा थांबला. थोड्या वेळाने मी मुद्दाम पुन्हा तिकडून गेले तर तो पुन्हा तिथेच. वरच्या लोकांना एक फोन लागत नाही आणि याला लागतो कसा? कोणाला सांगतोय हा? गाडी निघाली म्हणून? किती वाजता कुठे पोचेल म्हणून? मी घरी येऊन सगळं वरच्या बाईला सांगितलं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि जमिनीवर बसली. तिच्या नवऱ्याला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. सांगून तो करणार काय होता? आज कोणी तोच पुरावा माझ्यासमोर ठेवला तर मी तेच अनुमान काढीन.

अदे पेशावरला पोचली. एका दुपारी तिथल्या भाच्याचा फोन आला, ती हॉस्पिटलात आहे, टेबलावर घेतायत. वरची बाई जिन्यावरून धावत खाली आली, आम्ही दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. पुढच्या लिस्टला सर्जन थिएटरमध्ये आला, भूल देणाऱ्याच्या टेबलापाशी गेला आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हणाला, "आय ॲम व्हेरी ग्रेटफुल टू युअर ब्रदर." "नॉट ॲट ऑल," तो म्हणाला आणि मास्क वर ओढला. मला वाटलं होतं, दोघे मिठी मारतील. निदान आता चहाला तरी एकत्र जातील. तसं काही झालं नाही. सर्जन आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, "चांगलं केलं त्यांनी. पण हे कधीतरी काहीतरी मागतील. फुकट कोणी करत नाही." बायकोने तोंड फिरवलं. माझी मान मात्र नकळत हलली, हो म्हणून.

वसंतात त्या तरुणाची मुदत संपली आणि त्याला बेसिंगस्टोकला नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी तो चहाला आला. मला राहवेना. "तेव्हा पे-फोनवरून कोणाला फोन करत होतास रे?"

"घरी."

"घरी काय?"

"चौकशी," तो म्हणाला, आणखी एक बिस्कीट घेतलं आणि माझ्या नवऱ्याशी क्रिकेटबद्दल बोलायला लागला. त्याने कोणाकडे काही मागितलं नाही. पत्ता देऊन गेला, सर्जनने तो माझ्याकडून उतरवून घेतला नाही.

उन्हाळ्यात रस्ता उघडला आणि अदे इंग्लंडला आली. बारकी, सुरकुतलेली, पांढरी चादर डोक्यावरून घेतलेली म्हातारी. तिला पश्तूशिवाय काही येत नव्हतं. तिने माझं मनगट धरून नाडी बघितल्यासारखं केलं आणि हसली. सून मधे बसून अर्थ सांगायची. एका दुपारी आम्ही त्यांच्या बैठकीत होतो, सर्जनही होता, पेपर वाचत. म्हातारीने विचारलं, तो मुलगा कुठे आहे? मला त्याला भेटायचंय. त्याच्या आईची खुशाली सांगायचीय.

सर्जनने पेपर खाली केला. "त्याच्या आईची? तू तिला कुठे भेटलीस?"

मग ती बोलू लागली आणि सून मला सांगू लागली. गाडी आली तेव्हा पुढे त्याचा भाऊ होता आणि मागे त्याची आई. बाईमाणूस एकटी परक्या पुरुषांबरोबर कशी येणार, म्हणून ती स्वतः उठून वर आली होती. सुन्नी घरातली, दीर पाराचिनारच्या बाजारात मारला गेलेली, म्हातारी. इंग्लंडातल्या मुलाला तिने बजावलं होतं, त्यांच्या घरी सांगू नकोस. ते म्हणतील ओलीस दिली. बदरग्यात ओलीस देत नाहीत.

मी माझ्या कपाकडे बघत राहिले. पे-फोनवरची नाण्यांची चळत आता मला समजली. त्याची आई शियांच्या हद्दीत होती आणि तो दर तासाला विचारत होता, आली का परत.

म्हातारी थांबली नव्हती. खाली त्यांच्या हद्दीत कोणी काचेतून डोकावलंसुद्धा नाही. वर आपल्या हद्दीत आपल्याच पोरांनी गाडी तीनदा अडवली. त्या बाईला बर्फात खाली उतरवलं. कोण तू, कोणाच्या घरची, तुझ्याबरोबर आमचं कोण आहे? मी गाडीत पडून ओरडत होते, ती माझी पाहुणी आहे म्हणून, पण तापात माझा आवाज किती? ती गप्प उभी होती. थंडीने की भीतीने कोण जाणे, तिचे दात वाजत होते. त्या पोरांना एकच उत्तर पुरलं असतं, तिच्याबरोबर आपल्या घरातलं एक माणूस. मला न्यायला वर येताना ती हद्दीपाशी गाडी थांबवून बसली होती. तिच्या हद्दीत बदरगा तिचा, आपल्या हद्दीत आपला. आपल्या घरचं कोणी न्यायला येईल म्हणून तिने दुपार उलटेपर्यंत वाट पाहिली. कोणी आलं नाही, मग ती तशीच वर आली.

इथे सुनेने अर्थ सांगणं थांबवलं. सर्जन काहीतरी हळू म्हणाला. म्हातारीने त्याच्याकडे बघून उत्तर दिलं, रागाने नाही, अगदी साध्या आवाजात, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी सुनेला म्हटलं, सांग ना.

"हे म्हणाले, अदे, आपलं कोणी का आलं नाही, हे त्या बाईने तुला विचारलं का?" सून म्हणाली. "अदे म्हणतात, मला घेऊन परत खाली निघाल्यावर तिने माझ्या पायावर तिची रजई टाकली आणि म्हणाली, तुझ्या मुलाला तिकडे फार काम असेल, घरी निरोप द्यायचा राहून गेला असेल. मी म्हटलं, हो गं, फार काम असतं त्याला."